पाय बोलतात, हात गप्प

हेडफोन लावलेत ना? आज लावाच. विषय नाचाचा असला तरी तो बघण्यापेक्षा ऐकण्याचा जास्त आहे. आणि जे ऐकत नाहीयेत, इथे ब्लॉगवर वाचतायत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भाग लिहून काढलाय. बोलताना जे अडखळलो ते गाळलंय, बाकी सगळं तसंच.

स्कॉटिश डान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. चौकड्यांचा किल्ट, बॅगपाइप, जमिनीवर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन तलवारी, आणि हरणाच्या शिंगांसारखे हात वर धरून टुणटुण उड्या मारणारा नर्तक. हे चित्र खोटं नाही. हायलँड गेम्समध्ये असंच नाचतात, परीक्षक खुर्च्या टाकून बसलेले असतात, आणि उडी किती उंच, पाऊल किती नेमकं यावर मार्क मिळतात. पण आज मला त्या नाचाच्या एका भावंडाबद्दल बोलायचंय, जो फार उड्या मारत नाही. हात सैल, अंगालगत. चेहरा असा की जणू बसची वाट बघतोय. आणि कमरेखाली मात्र काय चाललंय ते बघायला व्हिडिओ हळू करावा लागतो. हा सॉफ्ट-शू स्टेप डान्स. मऊ बुटांचा नाच म्हणूया.

बुटांपासून सुरू करू. गिली नावाचे हे बूट म्हणजे पातळ चामड्याची चप्पलवजा गोष्ट असते. टाच नाही, तळाला लोखंडी पट्टी नाही, वर आडवीतिडवी लेस. गेलिकमध्ये ‘गिले’ म्हणजे पोरगा, हाताखालचा माणूस, त्यावरून हे नाव. टॅप डान्सच्या बुटांसारखा खणखणीत आवाज यातून येत नाही. येतो तो बारीक, घासल्यासारखा, लाकडी फळीवर कुणी बोटांनी ताल धरावा तसा. म्हणूनच म्हटलं हेडफोन लावा. खरं तर इथे मी एक क्लिप वाजवणार होतो, पण कॉपीराइटची कटकट नको म्हणून राहू दिलं. तुम्हीच शोधा, शेवटी सांगतो कशी.

आता यातली मूळ हालचाल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. एका पायावर उभे राहा. दुसऱ्या पायाचा चवडा जमिनीला हलका घासत पुढे न्या, आणि घासतच मागे आणा. दोन आवाज झाले. याला शफल म्हणतात. आता उभ्या पायावर छोटीशी उडी, तिसरा आवाज. मग हवेतला पाय खाली टेकवा, चौथा. हे चार आवाज एका श्वासात काढायचे, आणि डोकं वरखाली होता कामा नये. लिहायला दोन मिनिटं लागली, नर्तकाला अर्धा सेकंदही लागत नाही.

असे तुकडे जोडून आठ बारचा एक गट होतो. त्या संपूर्ण गटालाच ‘स्टेप’ म्हणतात, एका पावलाला नाही. हे लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ होतो. आठ बार म्हणजे ३२ मात्रा, तबला शिकलेल्यांसाठी तीनतालाची दोन आवर्तनं. बहुतेक स्टेप आधी उजव्या पायाने सुरू होतात आणि मग डाव्या पायाने तीच गोष्ट आरशासारखी. आणि एक गंमत म्हणजे स्टेपची सुरुवात दर वेळी वेगळी असली तरी शेवटचे दोन बार बऱ्याचदा सगळ्या स्टेपमध्ये तेच असतात. मला हे कोडसारखं वाटतं. फंक्शनच्या आत काहीही करा, रिटर्न एकाच पद्धतीने करायचं. त्यामुळे वादकाला कळतं की संपलं, नर्तकाला क्षणभर डोकं मोकळं मिळतं, आणि बघणाऱ्यालाही ‘हां, आता नवीन’ असं कळतं.

संगीत बहुतेक वेळा फिडलवर किंवा पाइपवर. स्ट्रॅथस्पे नावाची एक चाल आहे, तिच्यात आखूड स्वर आधी आणि लांब नंतर येतो, ‘टक्-काऽ, टक्-काऽ’. या झटक्याला स्कॉच स्नॅपच म्हणतात. वादक घरात नसेल तर लोक तोंडाने चाल म्हणायचे. त्याला गेलिकमध्ये ‘पुर्श्त अ बिअल’ असं नाव आहे, म्हणजे तोंडाने वाजवलेल्या चाली. शब्दांना अर्थ असतो, पण अर्थापेक्षा ठेका महत्त्वाचा. आपल्याकडे तबल्याचे बोल म्हणतात ना, तसं काहीसं.

बरं, हे झालं ‘कसं’. आता ‘कुठून’. इथे खरी गोष्ट सुरू होते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात बेटांची एक लांब माळ आहे, आउटर हेब्रिडीज. त्यातलं एक बेट साउथ उइस्ट. आज तिथे दोन हजारांहूनही कमी लोक राहतात, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीइतके. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मऊ गवताळ किनारा, आणि मधोमध पाणथळ जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे ईवन मॅकलाख्लन नावाचा नृत्यशिक्षक आला. मुख्य भूमीवरून आलेला, म्हणजे बेटावरच्या लोकांच्या दृष्टीने बाहेरचाच. असे फिरते मास्तर तेव्हा स्कॉटलंडभर होते. गावात यायचे, एखादी खोली किंवा कोठार भाड्याने घ्यायचे, काही आठवडे शिकवायचे, शेवटच्या दिवशी शिकलेल्यांचा मोठा नाच ठेवायचे आणि पुढच्या गावी निघायचे. स्कॉट्स बोलीत त्यांना ‘डान्सी’ म्हणायचे. मॅकलाख्लन मात्र पुढच्या गावी निघाला नाही. तो या बेटांवर राहिला, वर्षानुवर्षं शिकवत राहिला.

काळ काय होता ते बघा. १८५१ मध्ये याच बेटाच्या जमीनदाराने, कर्नल गॉर्डन ऑफ क्लूनीने, हजाराहून जास्त लोकांना जहाजांत भरून कॅनडाला पाठवलं. बऱ्याच जणांना अक्षरशः जबरदस्तीने. बटाट्याचं पीक गेलेलं, भाडं थकलेलं, आणि जमिनीवर माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात असा साधा हिशोब. अशा काळात एक मास्तर मुलांना एकट्याने करायचे नाच शिकवतोय. फर्स्ट ऑफ ऑगस्ट, टुलख गॉर्म, ओव्हर द वॉटर्स टू चार्ली, हायलँड लॅडी, फ्लॉवर्स ऑफ एडिनबरा, अ‍ॅबरडोनियन लॅसी.

ही नावं पुन्हा वाचा. एडिनबरा? अ‍ॅबरडीन? ही तर साउथ उइस्टपासून लांबची शहरं. म्हणजे आज ज्याला आपण ‘अस्सल हेब्रिडियन नाच’ म्हणतो तो बाहेरच्या मास्तरने आणला, बाहेरच्या चालींवर शिकवला, आणि दोनतीन पिढ्यांत तो बेटाचा झाला. इतका, की बेटावरच्या अस्कर्निशच्या गेम्समध्ये त्याच्या स्पर्धा होऊ लागल्या. मला हे फार आवडतं. परंपरा म्हटलं की आपण दगडात कोरलेलं काहीतरी समजतो. इथे दिसतंय की एका माणसाने शिकवलं, लोकांना आवडलं, त्यांनी ठेवून घेतलं.

पण ठेवून घेणं म्हणजे जपून ठेवणं नाही. इथून पुढे त्या नाचाच्या अनेक कॉप्या झाल्या.

१९२५ मध्ये डी. जी. मॅकलेनन नावाचे एडिनबराचे नामवंत नृत्यशिक्षक साउथ उइस्टला गेले. तिथल्या नर्तकांकडून ते या स्टेप शिकले आणि १९५० मध्ये त्यांनी हायलँड आणि पारंपरिक नाचांवर पुस्तक काढलं. मॅकलेनन यांच्यावर बॅलेचा प्रभाव होता. त्यांनी बेटावरून जे आणलं ते स्वतःच्या आवडीने घडवलं. हात वर आले, पायांची टोकं ताणली गेली, नाच उभट आणि सुबक झाला. त्याच १९५० साली स्पर्धांचे नियम एकसारखे करायला स्कॉटिश ऑफिशियल बोर्ड ऑफ हायलँड डान्सिंग स्थापन झालं. आज ‘ब्लू बॉनेट्स’ आणि ‘हायलँड लॅडी’ जगभरच्या हायलँड स्पर्धांत मुली नाचतात, झालरीचे ड्रेस घालून, अंगठ्यावर तोललेल्या. नाव बेटावरचंच. पण बेटावरचा माणूस जसा नाचायचा तसं यात थोडंच उरलंय.

यावर चिडणं सोपं आहे आणि या विषयाची आवड असलेले लोक चिडतातही. मला वाटतं, मॅकलेनन यांनी पुस्तक लिहिलं, स्वतःचं नाव टाकलं, त्यामुळे निदान बदल कुणी केला ते आपल्याला कळतं. खरा त्रास पुढे होतो. दहा शिक्षकांच्या हातून गेलेली गोष्ट अकरावा शिक्षक ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून शिकवतो, तेव्हा मधली सगळी कमिट हिस्टरी पुसली जाते. कोड बदललेला चालतो. कुणी, कधी, का बदलला हेच उडवलं तर मात्र पुढच्याच्या डोक्याला ताप. ज्यांनी जुन्या प्रोजेक्टवर काम केलंय त्यांना हा ताप माहीत आहे.

ती हिस्टरी परत जोडायचं काम तीन माणसांनी केलं, आणि त्यातल्या एकाचं नाव तुमच्यापैकी काहींनी गणितात ऐकलं असेल. टॉम फ्लेट. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मीन व्हॅल्यू थिअरम असतो ना? रोल, लाग्रांज वगैरे, पेपरला हमखास. त्याच घराण्यातलं एक ‘फ्लेटचं प्रमेय’ आहे, १९५८ चं. ते याच माणसाचं. शेफील्डला गणिताचे प्राध्यापक. आणि सुट्टीत हे आणि त्यांच्या पत्नी जोन फ्लेट स्कॉटलंडभर फिरून म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, ‘तुम्ही लहानपणी कसे नाचायचात?’

त्यांची पद्धत मला गणितज्ञाची वाटते. लोककथा, राजेरजवाडे, ‘हा नाच हजार वर्षं जुना’ असल्या गोष्टींवर त्यांचा भर नाही. जो माणूस समोर बसलाय त्याला स्वतःला काय आठवतं, तो कुणाकडून शिकला, कुठल्या गावात, साधारण कुठल्या काळात, ते लिहायचं. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात सगळ्यात भक्कम भाग पहिल्या महायुद्धाआधीच्या काही दशकांचा आहे, कारण तितकंच लोकांच्या आठवणीत होतं. १९६४ मध्ये ‘ट्रॅडिशनल डान्सिंग इन स्कॉटलंड’ आलं. तिसरा माणूस फ्रँक ऱ्होड्स. त्याने १९५०च्या दशकात मॅकलाख्लनच्या नाचांचा माग काढला आणि तो अटलांटिक ओलांडून कॅनडातही गेला. त्याबद्दल पुढे सांगतो. टॉम फ्लेट १९७६ मध्ये गेले. स्टेप डान्सवरचं त्या दोघांचं पुस्तक, ‘ट्रॅडिशनल स्टेप-डान्सिंग इन स्कॉटलंड’, यायला १९९६ उजाडलं. वीस वर्षं. जोन फ्लेट यांचं नाव चर्चेत कमी येतं, पण त्या नसत्या तर कदाचित ते कागद कुठल्यातरी कपाटात राहिले असते.

लंडनमध्ये शिकवणाऱ्या जॅक मॅकॉनकीचंही हेब्रिडियन एकल नाचांवर पुस्तक आहे, १९७२ चं. आता एकाच नाचाची त्याची आवृत्ती, ऱ्होड्सची आवृत्ती आणि मॅकलेननची आवृत्ती समोरासमोर ठेवा. जुळत नाहीत. मग ‘बरोबर’ कोणती? हा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो आणि मला तो प्रश्नच थोडा चुकीचा वाटतो. प्रत्येकाने वेगळ्या माणसाला नाचताना बघितलं. जो माणूस पंचवीस वर्षांचा असताना शिकला आणि सत्तराव्या वर्षी गुडघे सांभाळत करून दाखवतोय, त्याने काही गाळलं असेल, काही त्याचं स्वतःचं घुसलं असेल. मॅकलाख्लननेही प्रत्येक विद्यार्थ्याला हुबेहूब तेच शिकवलं असेल कशावरून? चांगला शिक्षक पाय बघून स्टेप देतो.

नाच बदलतो तेव्हा काय हरवू शकतं याचं मला सगळ्यात बोचणारं उदाहरण ‘अर्ल ऑफ एरल’चं वाटतं. हा अ‍ॅबरडीनशायरचा नाच. तिथल्या अ‍ॅल्फर्ड गावच्या फ्रेडरिक हिल नावाच्या माणसाने १८४१ मध्ये हाताने लिहिलेल्या वहीत तो सापडतो. हा मुळात कडक बुटांचा नाच होता, पायांनी जमिनीवर ताल वाजवायचा. त्या भागात याला ‘ट्रीपल’ करणं म्हणतात. स्पर्धांच्या जगात तो आला आणि मऊ बुटांत गेला. हालचाल बरीच टिकली, आवाज गेला. म्हणजे मृदंग वाजवणाऱ्याचे हात दिसतायत, पण व्हिडिओ म्यूट आहे. सुंदर दिसतो, नाही असं नाही. पण तो बघताना मला सारखं वाटतं की इथे काहीतरी वाजायला हवं होतं.

आता अटलांटिकपलीकडे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशामध्ये केप ब्रेटन नावाचं बेट आहे. अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत हायलँड आणि हेब्रिडीजमधून हजारो गेलिकभाषक तिथे गेले. त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांच्या घरांत स्वयंपाकघराच्या फरशीवर स्टेप डान्स चालूच राहिला. फिडलवाला स्ट्रॅथस्पे वाजवतो, मग न थांबता वेगवान रीलमध्ये शिरतो, आणि नर्तक साध्या चामड्याच्या बुटांत, जमिनीला चिकटून, ऐनवेळी सुचेल तशा स्टेप गुंफतो. १९७१ च्या सुमारास सीबीसीने ‘द व्हॅनिशिंग केप ब्रेटन फिडलर’ अशी डॉक्युमेंटरी दाखवली, की हे संगीत आता संपणार. तिथली माणसं इतकी खवळली की १९७३ मध्ये ग्लेंडेल गावात फिडलवाल्यांचा मोठा महोत्सव भरवला. ते संपलं नाही.

मग गंमत झाली. स्कॉटलंडमध्ये घरगुती स्टेप डान्स जवळजवळ विझला होता, तेव्हा केप ब्रेटनचे लोक येऊन शिकवू लागले. १९९६ मध्ये त्याच साउथ उइस्टवर क्योलस नावाची उन्हाळी शाळा सुरू झाली. गेलिक भाषा, गाणं, पाइप, फिडल आणि नाच एकत्र. तिथे केप ब्रेटनचे शिक्षक आले. ज्या बेटावरून लोकांना जहाजांत घालून कॅनडाला पाठवलं, त्याच बेटावर कॅनडातून पाय परत आले. हे ऐकायला इतकं छान वाटतं की सावध व्हावं लागतं.

कारण केप ब्रेटनचा नाच म्हणजे जुना स्कॉटिश नाच, फ्रीजमध्ये ठेवून परत आणलेला, असं म्हणणं सोपं नाही. त्या बेटावर आयरिश होते, फ्रेंचभाषक अकेडियन होते, शेजारी होते, लग्नं झाली, पार्ट्या झाल्या. यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. स्वीडनमध्ये जन्मलेला नर्तक आणि संशोधक मॅट्स मेलिन याने २०१५ मध्ये केप ब्रेटनच्या स्टेप डान्सवर अख्खं पुस्तक लिहिलंय, आणि तो भर देतो तो या गोष्टीवर की हा नाच घरात, नात्यात, ऐकत-बघत कसा पुढे जातो. मला तो भर पटतो. तो मुळात कुणाचा होता यापेक्षा तो एका पायातून दुसऱ्या पायात कसा जातो, हे जास्त मजेदार आहे.

यातून आजचा एक प्रश्न निघतो. स्कॉटलंडमध्ये आणि बाहेरही आज लोक नवे सॉफ्ट-शू नाच रचतात. जुनी चाल घ्यायची, सहा-आठ स्टेप बांधायच्या, शफल आणि उड्या जुन्याच, शेवट सगळ्यांचा एक, हात खाली, आणि नवं नाव द्यायचं. मग अशा नाचापुढे लिहितात ‘पारंपरिक शैलीतला’. काही जण नाक मुरडतात, म्हणे पारंपरिक असेल तर नवा कसा आणि नवा असेल तर पारंपरिक कसा.

माझं मत सांगतो, तुम्हाला पटेलच असं नाही. तो ‘शैलीतला’ हा शब्द फार प्रामाणिक आहे. तो सांगतो की हा मी केलाय, यंदा केलाय, आणि अमुक नियम पाळून केलाय. मॅकलाख्लनने तरी दुसरं काय केलं? अ‍ॅबरडीनच्या फ्रान्सिस पीकॉक नावाच्या मास्तरांनी १८०५ च्या पुस्तकात हायलँडच्या रीलमधल्या स्टेपची गेलिक नावं लिहून ठेवली, केम्शूल, केम्कॉसी वगैरे. ते हे तुकडे सुटे सुटे देतात आणि नर्तकाने ते आपल्या आवडीने जुळवावेत अशीच अपेक्षा दिसते. म्हणजे तेव्हाही नाच म्हणजे ठरलेली फाइल नव्हती, तुकड्यांची लायब्ररी होती. माझी तक्रार एकच असते, नवा नाच करून त्याला जुना म्हणून खपवणाऱ्यांबद्दल. दोन पानांची खोटी दंतकथा जोडायची, कुठला तरी सरदार, कुठली तरी लढाई, आणि झाला प्राचीन. त्यामुळे ज्या म्हाताऱ्याने खरंच साउथ उइस्टवर एखादी स्टेप साठ वर्षं पायात सांभाळली, तो आणि परवाचा कोरिओग्राफर एकाच रांगेत उभे राहतात. हे काही बरोबर नाही.

बरं, आता क्लिप शोधायचं सांगतो म्हणालो होतो. यूट्यूबवर ‘फर्स्ट ऑफ ऑगस्ट’ आणि पुढे ‘हेब्रिडियन डान्स’ टाका. दोनतीन वेगवेगळ्या लोकांचे व्हिडिओ येतील, जुळणार नाहीत, आता तुम्हाला कारण माहीत आहे. पहिल्यांदा फोन उलटा ठेवून फक्त ऐका. आवाज मिळाला तर नशीब, बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये पाइप सगळं खाऊन टाकतो. मग स्पीड अर्धा करा, स्क्रीनचा वरचा अर्धा भाग तळहाताने झाका आणि फक्त पाय बघा. आठव्या बारला येणारा तो ठरलेला शेवट पकडता आला की पुढचं आपोआप सुटं सुटं दिसायला लागतं.

आणि शफल करून बघायचाच असेल तर मोजे घालून, लाकडी पाटावर नाहीतर सरळ फरशीवर. टाइल्सवर घसरायला होतं, भिंतीला हात लावून करा. रात्री अकरानंतर नको, खालच्या मजल्यावरच्यांना पुर्श्त अ बिअल म्हणजे काय ते समजावून सांगत बसावं लागेल.